बोट प्रेसमध्ये जातं, पण अपघात कोटेशनमध्येच झालेला असतो



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जॉबवर्कचा रेट कसा काढायचा ते बघितलं. मशीनचा तासाचा खर्च, सेटिंगचा वेळ, रिजेक्शन, टेम्पोचं भाडं, सगळं धरलं. एक मुद्दा मात्र मी मुद्दाम बाहेर ठेवला, कारण तो शेवटच्या दोन मिनिटांत उरकण्यासारखा नाही. तो मुद्दा सेफ्टीचा.

तुम्ही म्हणाल, रेट काढताना सेफ्टी कुठून आली? सेफ्टी म्हणजे हेल्मेट, बूट, भिंतीवरचे पिवळे बोर्ड आणि दरवर्षी 4 मार्चला घ्यायची शपथ. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना 1966 साली 4 मार्चला झाली, म्हणून तो दिवस. शपथ जरूर घ्या. पण माझं स्पष्ट मत असं आहे की लहान कारखान्यातला सेफ्टीचा सगळ्यात मोठा निर्णय शॉपवर होतच नाही. तो तुमच्या टेबलावर होतो. ग्राहकाच्या परचेसवाल्याला फोनवर "चालेल साहेब, बसवतो त्या रेटमध्ये" असं तुम्ही म्हणता ना, त्या वाक्यात तो झालेला असतो.

मी पॉवर प्रेसबद्दल बोलणार आहे. कारण भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, कुठल्याही एमआयडीसीत जा, गाळ्यागाळ्यांतून प्रेसचा धपधप आवाज येतोच. ब्रॅकेट, वॉशर, क्लॅम्प, पत्र्याचं काहीही असो, ते प्रेसवर होतं. आणि बोटं जातात ती जास्त करून इथेच. सेफ इन इंडिया फाउंडेशन नावाची संस्था वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतल्या जखमी कामगारांबरोबर काम करते आणि 'क्रश्ड' नावाने अहवाल काढते. मानेसर, फरिदाबाद भागात त्यांचं काम मोठं आहे, आपल्या पुण्याकडच्या कामगारांची नोंदही त्यात येते. त्यात पॉवर प्रेस पुन्हा पुन्हा दिसते. आणि दिसतात ते दुसऱ्या-तिसऱ्या फळीचे पुरवठादार. म्हणजे कोण? म्हणजे आपणच.

आता हिशोब करू. आकडे मी समजण्यासाठी धरतोय, तुम्ही तुमचे टाका.

समजा 50 टनी प्रेसवर एक ब्रॅकेट वाकवायचा आहे. ऑपरेटर, वीज, भाडं, हप्ता असं सगळं मिळून प्रेसचा तासाचा खर्च 300 रुपये. ऑपरेटर हाताने ब्लँक डायमध्ये ठेवतो, पायाने पेडल दाबतो, हाताने पीस काढतो. तासाला 600 पीस निघतात. एका पीसला खर्च 50 पैसे.

आता हाच जॉब तो चिमट्याने करतोय असं धरा. हात डायच्या बाहेर, चिमटा आत. वेग थोडा कमी होतो, तासाला 500 पीस. खर्च 60 पैसे.

आणि ग्राहकाने रेट दिलाय 55 पैसे.

बघा काय झालं. हात आत घातला तर पीसमागे 5 पैसे नफा. हात बाहेर ठेवला तर पीसमागे 5 पैसे तोटा. तुम्ही तोंडाने काहीही सांगा, "बाळांनो, चिमटा वापरा", "सेफ्टी फर्स्ट", काहीही. त्या रेटने ऑपरेटरला हात आत घालायचा हुकूम दिलेला आहे. आणि तो हुकूम तो पाळतो, कारण संध्याकाळी सुपरवायझर काउंटर बघतो, चिमटा बघत नाही. पीस रेटवर असेल तर सुपरवायझरचीही गरज नाही, त्याचं स्वतःचं पोट बघतं.

हाच हिशोब अजून एका बाजूने करा. तासाला 600 पीस, दिवसाचे खरे सात तास, म्हणजे 4,200 पीस. महिन्याचे 25 दिवस धरले तर 1,05,000. इतक्या वेळा एका माणसाचा हात त्या डायमध्ये जातो आणि बाहेर येतो, आणि पाय आणि हात यांचा ताल प्रत्येक वेळी बरोबर जमावा लागतो. महिन्याला लाखभर वेळा! घरी मूल आजारी असताना, रात्रपाळीच्या पहाटे चार वाजता, ओव्हरटाइमच्या अकराव्या तासाला, मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली. त्यातल्या एका वेळी पाय अर्धा सेकंद आधी पडला, तर आपण रजिस्टरमध्ये लिहितो: "कामगाराच्या निष्काळजीपणामुळे". लाखात एकदा चुकणारा माणूस निष्काळजी असेल तर मग आपण सगळे कोण? मी तर दिवसात चार वेळा चष्मा शोधतो.

हा "निष्काळजीपणा" शब्द आपल्याकडे आला कुठून, हेही बघण्यासारखं आहे. 1931 साली हर्बर्ट हाइनरिक या अमेरिकन विमा कंपनीतल्या माणसाने अपघातांवर पुस्तक लिहिलं आणि त्यात सांगितलं की 88 टक्के अपघात कामगारांच्या असुरक्षित कृतीमुळे होतात. हा आकडा आजही सेफ्टीच्या स्लाइडवर फिरतो. तो आला कशातून? विम्याच्या दाव्यांतून आणि कारखान्यांतल्या अपघातांच्या नोंदींतून. आणि त्या नोंदी करायचे कोण? सुपरवायझर आणि मालक. ज्याने दोष द्यायचा त्यानेच कारण लिहायचं, तर 88 काय, 98 सुद्धा येतील.

जपानी लोकांनी याच गोष्टीकडे वेगळ्या नजरेने बघितलं. पोका-योके तुम्हाला माहीत आहे, क्वालिटीच्या ट्रेनिंगमध्ये आपण शिकलोय. शिगेओ शिंगो यांनी ही पद्धत मांडली तेव्हा आधी तिला 'बाका-योके' म्हणायचे, म्हणजे मूर्खानेही चूक करू नये अशी व्यवस्था. कामगारांना ते लागलं. साहजिक आहे, कोणाला लागणार नाही? मग नाव बदलून पोका-योके झालं, म्हणजे नकळत होणारी चूक टाळायची व्यवस्था. नाव बदलल्याने दृष्टी बदलली. चूक होणार हे धरूनच मशीन बनवायचं. आपल्या शॉपमध्ये पीस उलटा बसू नये म्हणून डायमध्ये पिन टाकतो आपण. कारण उलटा पीस गेला तर ग्राहक डेबिट नोट पाठवतो. बोटासाठी मात्र पिन नाही, कारण बोटाची डेबिट नोट येत नाही.

येते खरं तर. फक्त उशिरा येते.

1923 पासून चालत आलेला कामगार नुकसानभरपाईचा कायदा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे, पण त्यातलं तत्त्व तेच आहे. कामावर असताना कामामुळे अपघात झाला तर मालक भरपाई देणार. "त्याचं लक्ष नव्हतं" हा बचाव त्यात चालत नाही. अपवाद आहेत ते मोजके: तो प्यायलेला असेल, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट आदेश त्याने जाणूनबुजून मोडला असेल, किंवा बसवलेला गार्ड जाणूनबुजून काढला असेल. आणि मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर तेही अपवाद लागू होत नाहीत. नीट वाचा, "बसवलेला गार्ड". तुम्ही गार्ड बसवलाच नसेल तर तो काढला असं म्हणणार कसं?

आकडा सांगतो. या कायद्याच्या परिशिष्टात शरीराच्या भागांची टक्केवारी आहे. तर्जनी पूर्ण गेली तर 14 टक्के. अंगठा गेला तर 30. एका हाताची चार बोटं गेली तर 50. वाचताना अंगावर काटा येतो, पण हिशोब असाच असतो. कामगाराचं वय 25, वेतनाची कमाल मर्यादा 15,000 रुपये धरली, तर त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000, गुणिले त्या वयाचा गुणक 216.91, गुणिले 14 टक्के. होतात सुमारे 2 लाख 73 हजार रुपये. एका तर्जनीचे. चार बोटांचे सुमारे 9 लाख 76 हजार.

मघाच्या ब्रॅकेटवर तुम्हाला महिन्याला लाख पीसवर 5 पैशांप्रमाणे मिळत होते 5,000 रुपये. एक तर्जनी म्हणजे त्या जॉबचा साडेचार वर्षांचा नफा. असा जॉब तुम्ही साडेचार वर्षं टिकवलाय कधी?

तुमच्याकडे दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय लागतं आणि मग ही भरपाई ईएसआयकडून पेन्शनच्या रूपात जाते. मालकाचा वाटा वेतनाच्या सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का. बरेच जण हे सव्वातीन टक्के वाचवण्यासाठी निम्मी माणसं कागदावर घेतच नाहीत आणि अपघात झाला की त्याच दिवशी धावतपळत ईएसआयचं रजिस्ट्रेशन करतात. हा प्रकार त्या 'क्रश्ड' अहवालांतही आलेला आहे, म्हणजे आता तो कोणापासून लपलेला नाही. दहापेक्षा कमी माणसं असतील तर ईएसआय लागत नाही, पण भरपाईची जबाबदारी तुमच्या खिशावर आहे, आणि त्यासाठी विमा कंपन्यांची वेगळी पॉलिसी मिळते. ज्याने घेतली नसेल त्याने हा लेख इथेच थांबवून आधी एजंटला फोन करावा. मी थांबतो.

हे झालं पैशाचं. पण खरं सांगू का, पैशाचा हिशोब मी एवढ्यासाठीच मांडला की तो मालकाला चटकन कळतो. ज्याची तर्जनी गेली त्याचा हिशोब वेगळा आहे. पंचविशीचा मुलगा, गाव बीडकडे किंवा बिहारकडे, इथे चार जणांत एक खोली. पुढच्या कंपनीच्या गेटवर त्याला हात पुढे करायला सांगतात. हात बघून परत पाठवतात. लग्नाच्या बोलणीत हात खिशात ठेवायला शिकतो. त्याला अजून पस्तीस वर्षं काम करायचं आहे. आपला जॉब तेव्हा दुसऱ्या गाळ्यात गेलेला असतो.

गार्ड म्हणजे नक्की काय, कारण इथे फसवणूक खूप आहे

आता तांत्रिक भागाकडे. प्रेसचा ज्यांना कंटाळा आहे त्यांनीसुद्धा वाचा, कारण या एका गोष्टीत मी लोकांचे भरपूर पैसे वाया जाताना बघतो.

लहान गाळ्यांतल्या बहुतेक जुन्या प्रेस पिन क्लचच्या असतात. म्हणजे पेडल दाबलं की पिन बसते आणि क्रँक एक पूर्ण फेरा मारूनच थांबतो. मधे थांबवता येत नाही. न्यूमॅटिक क्लचच्या प्रेसला मधेच ब्रेक लागतो. हा फरक मालकाला माहीत नसेल तर त्याने सेफ्टीवर एक रुपयाही खर्च करू नये, आधी हे समजून घ्यावं.

का? कारण लाइट कर्टन. ग्राहकाच्या ऑडिटरने लिहिलं "लाइट कर्टन लावा", आपण लावलं. लाल दिवा पेटतो, छान दिसतं, ऑडिट पास. पण प्रेस पिन क्लचची. हात आत गेला, कर्टनने सिग्नल दिला, आणि रॅम खाली आला. कारण तो थांबूच शकत नाही! तुम्ही पैसे मोजून एक शोभेची वस्तू घेतलीत. त्याहून वाईट म्हणजे ऑपरेटरला वाटतं आता आपण सुरक्षित आहोत, आणि तो हात जास्त बिनधास्त घालतो. पिन क्लचच्या प्रेसवर लाइट कर्टन विकणारा माणूस भेटला तर त्याला एकच प्रश्न विचारा: "मधे थांबेल का?" आणि मग त्याच्या तोंडाकडे बघा.

दोन हातांच्या बटणांचंही तसंच. दोन्ही हातांनी बटण दाबल्याशिवाय स्ट्रोक नाही, कल्पना उत्तम. पण पिन क्लचच्या प्रेसवर बटण सुटल्यावरही स्ट्रोक पूर्ण होतो. आंतरराष्ट्रीय मानकांत हाताचा वेग सेकंदाला 1.6 मीटर धरतात. म्हणजे रॅम खाली यायला अर्धा सेकंद लागत असेल तर तेवढ्यात हात 80 सेंटिमीटर जातो. बटणं डायपासून वीतभर अंतरावर बसवली असतील तर पीस सरळ करायला गेलेला हात आरामात आत पोचतो. आणि दुसरं, एका बटणावर चिकटपट्टी लावून ते कायमचं दाबून ठेवायचं आणि एका हाताने काम करायचं, ही आपल्याकडची कला आहे. म्हणून सर्किट असं पाहिजे की दोन्ही बटणं जवळजवळ एकाच वेळी दाबली तरच स्ट्रोक येईल आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक मिळणार नाही. चांगला इलेक्ट्रिशियन हे करतो. त्याला सांगावं लागतं, एवढंच.

मग पिन क्लचला करायचं काय? सगळ्यात जुना आणि सगळ्यात खात्रीचा उपाय: डायभोवती जाळीचा पक्का गार्ड, बोल्टने घट्ट. पट्टी आत जाण्यापुरती फट, बोट जाणार नाही इतकीच. साधारण 6 मिलिमीटरपेक्षा जास्त मोकळी जागा असली की बोटाला वाट मिळते, हे डोक्यात ठेवा. पट्टी किंवा कॉइलचं काम असेल तर हे सहज जमतं. ब्लँक एकेक ठेवायचे असतील तर पुढे उताराची स्लाइड करून ब्लँक बाहेर ठेवायचा आणि ढकलायचा, पीस हवेच्या झोताने किंवा नॉकआउटने बाहेर पडेल अशी व्यवस्था डायमध्येच करायची.

आता मघाच्या हिशोबात हे घाला. समजा स्लाइड, गार्ड आणि पीस बाहेर पाडायची व्यवस्था मिळून 18,000 रुपये लागले. जॉब 2 लाख पीसचा आहे. पीसमागे 9 पैसे. हात आत जात नसल्यामुळे आणि पीस आपोआप पडत असल्यामुळे वेग परत 600 वर आला, म्हणजे खर्च 50 अधिक 9, एकूण 59 पैसे. 2 लाखांनंतर पुन्हा 50. चिमट्याच्या 60 पेक्षा हे स्वस्त पडतं, आणि हात कायमचा बाहेर राहतो. पण 55 च्या रेटमध्ये हे बसत नाही, बसतं ते 62-65 मध्ये. म्हणजे फिरून आपण तिथेच आलो, कोटेशनच्या टेबलावर.

चिमट्याला मी कमी लेखत नाही. उद्या सकाळपासून सुरू करता येण्यासारखी गोष्ट तीच आहे. पण चिमटा ऑपरेटरच्या शिस्तीवर चालतो आणि जाळी बोल्टवर चालते. मला बोल्टचा भरवसा जास्त वाटतो.

"सर, रेट वाढवून मागितला तर ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाईल"

जाईल. कधीकधी खरंच जाईल. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. मोठ्या कंपन्यांची उदाहरणं ट्रेनर लोक फार देतात. पॉल ओ'नील 1987 मध्ये अल्कोआचे प्रमुख झाले, पहिल्याच भाषणात गुंतवणूकदारांसमोर नफ्याआधी कामगारांच्या सुरक्षेबद्दल बोलले, आणि पुढे कंपनीचा नफाही वाढला. गोष्ट खरी आहे आणि मलाही आवडते. पण अल्कोआ ही अॅल्युमिनियममधली जगातली बलाढ्य कंपनी होती. तुम्ही तीन प्रेसचे मालक आहात आणि समोर बसलेला परचेसवाला तुमच्यासमोरच दुसऱ्याला फोन लावतो. तुमची परिस्थिती वेगळी आहे, हे मान्य करूनच बोलू.

तरीही तीन गोष्टी हातात असतात. पहिली, नुसता रेट वाढवून मागू नका, कोटेशनमध्ये वेगळी ओळ लिहा: "डाय फीडिंग स्लाइड आणि गार्ड, एकदाच, 18,000 रुपये". टूलिंगचे पैसे ग्राहक एरवीही देतो, कधी एकरकमी, कधी पीसमध्ये पसरून. पीस रेटमधल्या 9 पैशांवर तो भांडतो, पण टूलिंगच्या ओळीवर बऱ्याचदा सही करतो, कारण ते दुसऱ्या बजेटमधून जातं. हे मी अंदाजाने सांगत नाही, माझ्या बॅचमधल्या अनेकांनी करून बघितलंय.

दुसरी, ग्राहकाच्याच कागदाचा वापर करा. मोठ्या वाहन कंपन्यांच्या पुरवठादारांसाठी आचारसंहिता असतात, त्यात कामगारांच्या सुरक्षेचं कलम असतं. तुम्ही त्यावर सही केलेली असते, बहुतेक न वाचता. वाचा. आणि ईमेलमध्ये लिहा की आपल्या आचारसंहितेनुसार या जॉबला गार्ड लागेल, त्यासह रेट असा. परचेसवाल्याला तोंडी "नाही" म्हणणं सोपं असतं, त्या ईमेलला लेखी "गार्ड नको" असं उत्तर देणं त्याला जड जातं. खरं तर रेटचा हा दबाव वरून येतो, आणि ज्यांच्या गाडीवर स्वतःचं नाव असतं त्यांनी तिसऱ्या फळीच्या गाळ्यात डोकावलं पाहिजे. पण ते डोकावेपर्यंत आपल्या ऑपरेटरची बोटं आपल्याकडेच आहेत.

तिसरी कडू आहे. काही जॉब सोडायचे. जो जॉब हात आत घातल्याशिवाय परवडतच नाही, तो आपला नाही. व्हिडिओमध्ये मी म्हटलं होतं ना की कमी मार्जिनचा जॉब मशीन रिकामं ठेवण्यापेक्षा बरा? त्याला ही मर्यादा आहे. तो जॉब शेजारच्या गाळ्यात गेला तर तिथल्या मुलाचं बोट जाईल, हेही खरं. म्हणून निदान एकाच पट्ट्यातल्या चार-पाच प्रेसवाल्यांनी असोसिएशनच्या मीटिंगमध्ये चहा पिताना रस्ता आणि लोडशेडिंग यांच्या जोडीला हा विषयही काढावा: बिनगार्डचा जॉब कोणीच घ्यायचा नाही.

कायद्याचं काय, असं काही जण विचारतील. फॅक्टरीज अॅक्टमध्ये फिरत्या यंत्राला गार्ड हवा हे 1948 पासून होतं. पण तो कायदा कोणाला लागू, हा प्रश्न होता. महाराष्ट्राने 2015 च्या दुरुस्तीने वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी कामगारांची मर्यादा 10 वरून 20 केली, आणि 2020 च्या व्यवसाय सुरक्षा संहितेतही 20 च आहे. म्हणजे बारा-पंधरा माणसांच्या गाळ्यात फॅक्टरी इन्स्पेक्टर यायचं कारणच उरलं नाही. उद्योगांवरचा कागदांचा बोजा कमी झाला, त्याचं मी स्वागत करतो, रिटर्न भरून भरून आपण थकलो होतो. पण प्रेस काही माणसं मोजून खाली येत नाही. इन्स्पेक्टर नसलेल्या गाळ्यात तपासणारा एकच माणूस उरतो आणि तो मालक.

आणि तपासायचं म्हणजे काय, ते सांगतो. ब्रिटनमध्ये 1965 साली पॉवर प्रेससाठी वेगळे नियम केले. त्यात एक साधी गोष्ट होती: शिफ्ट सुरू झाल्यापासून पहिल्या चार तासांत आणि प्रत्येक सेटिंगनंतर, प्रशिक्षित माणसाने प्रेसचे गार्ड आणि सुरक्षेची साधनं तपासून सही करायची. ही पद्धत त्यांच्या 1998 च्या नियमांतही कायम राहिली. आपल्याला यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. एक वही, दोरीने प्रेसला बांधलेली. गार्डचे बोल्ट घट्ट आहेत का. पेडलवर वरून काही पडून स्ट्रोक लागू नये म्हणून झाकण आहे का. क्लचची पिन, तिची स्प्रिंग, ब्रेकचा पट्टा. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण स्प्रिंग थकली किंवा पिन झिजली की प्रेस डबल मारते. पेडल एकदा दाबलं, रॅम दोनदा आला. ऑपरेटरचा ताल बरोबर होता, तो पीस काढायला गेला आणि दुसरा स्ट्रोक पडला. यात त्याचा निष्काळजीपणा कुठे शोधणार?

"काल प्रेसने एकदा डबल मारला" असं ऑपरेटर सांगायला आला तर तुमचा चेहरा कसा होतो, यावर पुढचं सगळं ठरतं. डिस्पॅच संध्याकाळी आहे आणि तुम्ही म्हणालात "आजचा दिवस काढ, उद्या फिटरला बोलावू", तर तो परत कधीच सांगायला येणार नाही. डबल मारला की प्रेस बंद. मेन स्विच बंद, चावी मालकाच्या खिशात. आणि स्विच बंद केला तरी फ्लायव्हील काही वेळ फिरत राहतं, ते पूर्ण थांबल्याशिवाय आणि रॅमखाली ठोकळा लावल्याशिवाय कोणीही आत हात घालायचा नाही. सेटरनेही नाही. विशेषतः सेटरने नाही, कारण वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस सगळ्यात जास्त धाडस करतो, आणि त्याला टोकायची कोणाची छाती होत नाही.

खंडेनवमीला आपण प्रेसला हार घालतो, हळदीकुंकू वाहतो, त्या दिवशी मशीन चालवत नाही. वर्षातून एक दिवस प्रेस बंद ठेवायला आपल्याला कोणी सांगावं लागत नाही, ऑर्डर कितीही अर्जंट असो. तेव्हा ग्राहकाला सांगताच ना, "साहेब, आज पूजा आहे, माल परवा"? आणि तो ऐकतो. डबल मारणाऱ्या प्रेससाठी तोच फोन करायचा आहे.

या आठवड्यासाठी काम देतो. तुमच्या चालू जॉबपैकी ज्या ज्या जॉबमध्ये हात डायमध्ये जातो त्यांची यादी करा. प्रत्येकासमोर सध्याचा रेट लिहा आणि हात बाहेर ठेवून पडणारा खर्च लिहा. आकडा उलटा येईल असे दोन-चार जॉब निघतील. ती यादी घेऊन या, पुढच्या व्हिडिओत त्या जॉबचं कोटेशन पुन्हा कसं पाठवायचं, ईमेलमध्ये कुठली वाक्यं लिहायची आणि परचेसवाल्याने पहिल्याच दमात नाही म्हटलं तर पुढे काय, ते आपण ओळ न ओळ करून बघू.